टँकरवरची फुलं नकोत

रस्त्याकडेच्या कुंडीतलं रोप मार्चमध्ये वाळलं की आपण उन्हाला बोल लावतो. ऊन दरवर्षी येतं, सांगून येतं. ते येणार हे ठाऊक असूनही ज्यांनी तिथे पेटुनिया लावला, त्यांना बोल लावा.

पेटुनिया, डायँथस, साल्व्हिया ही थंडीची फुलं. नर्सरीत हिरव्या जाळीखाली रोज पाणी पिऊन वाढलेली. डिसेंबरात ती रस्त्यावर येतात, फीत कापली जाते, फोटो निघतो. फेब्रुवारी सरता सरता डांबर तापू लागतं, कुंडीच्या चारी अंगांनी ऊन आत शिरतं आणि वीतभर माती दुपारपर्यंत कोरडीठाक होते. मग टँकर सुरू. आधी रोज, पुढे दिवसाआड, पुढे कंत्राटच संपतं. तेरड्याचा रंग तीन दिवस, असं आपण म्हणत आलो. ही म्हण तेरड्यावरून उतरवून सुशोभीकरणाच्या नावावर करायला हवी. तेरडा पुढच्या जूनमध्ये कुणी न बोलावता पुन्हा उगवतो, सुशोभीकरणाला नवी निविदा लागते.

हे कुठल्याही शहरात चूक आहे. वसईत जास्त चूक आहे, आणि आमच्या नंदाखालला ते चालू देणं म्हणजे स्वतःच्याच गावाचा इतिहास विसरणं आहे.

फादर फ्रान्सिस दिब्रिटो याच गावचे. ४ डिसेंबर १९४२ ला इथे जन्मले, २५ जुलै २०२४ ला गेले. उस्मानाबादला २०२० साली झालेल्या ९३व्या मराठी साहित्य संमेलनाचे अध्यक्ष म्हणून महाराष्ट्र त्यांना ओळखतो. वसई त्यांना त्याच्या कितीतरी आधीपासून हरित वसई संरक्षण समितीमुळे ओळखते. ऐंशीचं दशक संपताना वसईची हिरवी जमीन बांधकामाला मोकळी होऊ लागली. इमारती आल्या, त्यांच्याबरोबर नळ आले नाहीत. मग पश्चिमेच्या वाड्यांमधल्या विहिरींवर पंप बसले आणि टँकरच्या रांगा लागल्या. समितीची लढाई जमिनीसाठी होती तशीच या पाण्यासाठीही होती. धर्मगुरू, शेतकरी, बायका रस्त्यावर उतरल्या, त्या टँकर अडवायला.

अडवण्यामागे साधं शहाणपण होतं. समुद्रालगतच्या या पट्ट्यात जमिनीखाली गोडं पाणी खाऱ्या पाण्यावर तरंगत असतं. गोडं मर्यादेपलीकडे उपसलं की खालचं खारं वर सरकतं. एकदा विहीर खारी झाली की केळ सोसत नाही, पानवेल तर मुळीच नाही. वाडीवाडीतली बावखलं, म्हणजे छोटी तळी, पूर्वजांनी खणली ती पावसाचं पाणी जमिनीत जिरत राहावं आणि उन्हाळ्यात वाडी शिंपता यावी म्हणून. ती बुजवून आपण घरं बांधली, रस्ते रुंद केले, आणि आता त्याच रस्त्यांवरच्या कुंड्या शिंपायला टँकर मागवायचा?

हिशोब करून पाहा. दहा हजार लिटरचा एक टँकर धरा. शहरी पाणीपुरवठ्याचा सरकारी निकष माणशी रोज १३५ लिटरचा. म्हणजे पाच माणसांच्या जवळजवळ पंधरा घरांचं एका दिवसाचं पाणी. एप्रिल-मेमध्ये ते दुभाजकावर ओतायचं, तेही अशा रोपांसाठी जी तरीही मरणारच आहेत.

मला रस्त्यावर फुलं हवी आहेत. मनापासून हवी आहेत. विरारहून आगाशीकडे येताना इमारतींची रांग संपून वाड्या सुरू होतात, तिथे दोन्ही कडांना रंग दिसावा, असं मला नेहमी वाटतं. पण ती फुलं पावसावर उगवणारी, बाकीचे आठ महिने स्वतःच्या मुळांवर तगणारी आणि आपलं बी आपण टाकणारी असावीत. अशा फुलांची इथे वाण नाही.

फुलं काढण्याबद्दल तर या भागाला बाहेरच्या सल्लागाराने शिकवावं असं काही नाही. मोगरा, सोनचाफा, तगर, जास्वंदीच्या कळ्या पहाटेच्या लोकलने दादरच्या फुलबाजारात नेणाऱ्या बायका वसई-विरारमध्ये पिढ्यानपिढ्या आहेत. रस्त्याच्या कुंडीत काय लावायचं हे ठरवणाऱ्या बैठकीत त्यांच्यातली एक तरी बाई असते का? मोगरा रस्त्यावर लावू नका, हे तिने पहिल्याच मिनिटाला सांगितलं असतं. त्याला छाटणी लागते, खत लागतं, कळीच्या वेळी पाणी लागतं, आणि कळी फुगली की तोडायला माणूस लागतो. जास्वंदीवर पिठ्या ढेकूण बसला की महिनाभरात झाड मलूल. ही विकायची फुलं, वाडीतली. रस्त्याची फुलं वेगळी.

पहिला मान सदाफुलीचा. भिंतीच्या फटीत, गटाराच्या कठड्यावर, पडक्या विहिरीच्या काठावर ती कुणी लावलेली नसते. पानं इतकी कडू की शेळी हुंगून पुढे जाते. बी पडतं तिथे रोप येतं. ऊन सोसते, खारा वारा सोसते. सोसत नाही ती एकच गोष्ट, मुळाशी तुंबलेलं पाणी. त्यामुळे पावसाळ्यात सदाफुली मेली तर समजावं की कुंडीचं भोक बुजलंय.

सदाफुलीबद्दल एक गोष्ट ठणकावून सांगायची आहे. मधुमेहावर उपाय म्हणून रोज सकाळी तिची पानं-फुलं चावणारे लोक गावोगाव आहेत. त्यांनी ते थांबवावं. मूळची मादागास्करची ही वनस्पती मधुमेहावर चालते म्हणून कॅनडात १९५०च्या दशकात रॉबर्ट नोबल आणि चार्ल्स बीअर यांनी तिचा अर्क उंदरांना देऊन पाहिला. रक्तातली साखर काही उतरली नाही. पांढऱ्या पेशी मात्र उतरल्या. त्यातूनच पुढे रक्ताच्या कर्करोगावरचं औषध हाती लागलं. जे द्रव्य डॉक्टर मोजून, शिरेतून, देखरेखीखाली देतात, ते आपण अनशापोटी अंदाजाने खायचं नसतं. तिला रस्त्यावर राहू द्या, पोटात नको.

दुसरी गुलबक्षी. हिच्यावर माझा विशेष जीव आहे, आणि हिच्यावर सगळ्यात जास्त अन्याय होतो. दुपार कलली की फुलते, म्हणजे शाळा सुटून मुलं घरी येतात त्या वेळेला. रात्रभर दरवळते, सकाळी मिटते. एकाच झाडावर गुलाबी, पिवळी आणि दोन्ही रंगांचे शिंतोडे असलेली फुलं येतात. मिऱ्याएवढं काळं बी खाली पडतं. खाली जमिनीत जाड कंद असतो. उन्हाळ्यात वरचं झाड वाळून जातं आणि कंद निजून राहतो. नेमकं तेव्हाच कुणीतरी स्वच्छतेच्या नावाखाली ‘मेलेलं’ झाड कंदासकट उपटून टाकतं. पहिल्या पावसाला जे आपण होऊन वर आलं असतं, ते कचरागाडीत जातं. गुलबक्षी जिथे असेल तिथे एक काठी रोवून ठेवा, म्हणजे झाडणाऱ्याला कळेल. बी आणि कंद दोन्ही विषारी आहेत, लहान मुलांना सांगून ठेवा. एवढी काळजी पुरे.

तेरड्याला तर मातीसुद्धा फारशी खणावी लागत नाही. मृगाच्या सरी पडल्या की बी भिरकवा. ऑगस्ट-सप्टेंबरमध्ये गौरी येतात तेव्हा तो फुलावर असतो, हे काही योगायोगाने जुळलेलं नाही. आपले सण याच झाडांच्या तालावर बेतलेले आहेत. शेंगेला बोट लागताच ती फुटते आणि बी चार हात लांब उडतं. मुलांना हे एकदा दाखवा, पुढच्या वर्षीची पेरणी तीच करतात. ऑक्टोबरमध्ये तेरडा जातो, जागा मोकळी होते, तिथे तोवर सदाफुलीने हातपाय पसरलेले असतात.

इमारतीच्या सावलीच्या बाजूला, जिथे दुपारनंतर ऊनच नाही, तिथे अबोली. गल्लीच्या वळणावर, जिथे दुचाकी कुंडीला घासून जातात आणि शेळ्या तोंड घालतात, तिथे पिवळी कोरांटी. तिचे काटे तिचं रक्षण करतात, जाळी लावायचा खर्च वाचतो. उथळ कठड्यावर ऑफिस टाईम चालेल, त्याच्या जाड पानांत पाणी साठलेलं असतं. सांडपाण्याच्या ओलीला, गटारालगत, कर्दळ. ती ते पाणी पिऊनच वाढते. इतकी साधी वाटणी आहे, आणि ती करायला ऊन कुठून येतं हे एक दिवस तिथे उभं राहून पाहावं लागतं. नकाशावर ते दिसत नाही.

आता जे लावू नये ते. घाणेरी नको, ती आधीच नको तितकी माजली आहे. पिवळा कॉसमॉस नको. फोटोत छान दिसतो म्हणून त्याच्या बियांची पाकिटं वाटली जातात, आणि मग तो रस्त्याच्या कडेने डोंगरावर चढतो. सह्याद्रीत त्याने काय केलंय ते पावसाळ्यानंतर घाटात गेलेल्या कुणालाही दिसतं. कण्हेर कणखर आहे, महामार्गाच्या दुभाजकावर ती ठीक, पण शाळा आणि अंगणवाडीच्या आसपास तिचं पानसुद्धा नको. तिचा प्रत्येक भाग विषारी आहे.

खरं तर माझा राग रोपांपेक्षा कुंडीवर आहे. नंदाखालला मातीची कमतरता आहे का? वाडीत कुदळ मारली की काळीभोर रेताड माती निघते. तरीही रस्ता झाला की डांबराच्या कडेपासून थेट कुंपणापर्यंत पेव्हर ब्लॉक घालायचे, म्हणजे एक थेंब मुरायला नको, आणि मग त्या पेव्हरवर प्लास्टिकची कुंडी आणून ठेवायची. ही माती विकत आणून मातीवर ठेवण्याची गोष्ट आहे. वसईच्या पावसाची सरासरी दोन हजार मिलिमीटरच्या वर, तोही जवळजवळ सगळा जून ते सप्टेंबरमध्ये पडणारा. ते पाणी पेव्हरवरून वाहत गटारात, गटारातून खाडीत जातं, आणि वर्षाआड गुडघाभर पाणी साचलं की आपण बातम्या पाहत बसतो. कुंपणालगत फक्त एक फूट रुंदीची पट्टी उघडी सोडा. पाणी मुरेल, मुळं खोल जातील, आणि जी सदाफुली कुंडीत दिवसाआड पाणी मागते, ती जमिनीत मे महिना एकटी काढेल.

कुंडी टाळता येणारच नसेल, पुलावर, चौकात, नव्या संकुलांच्या रस्त्यावर, तर ती निदान दीड फूट खोल असू द्या आणि तिला खाली भोकं असू द्या. तळाशी नारळाची सोडणं घाला. ती पाणी धरून ठेवतात आणि या भागात फुकट मिळतात. वर माती, कुजलेलं शेणखत, थोडी रेती. ही रेती राजोडीच्या किनाऱ्यावरून आणायची नाही. ती खारट असते, आणि किनारा खरवडणं हा गुन्हा आहे, कुंडीएवढा असला तरी. मातीवर पालापाचोळ्याचा चार बोटं थर. आपल्याकडे सकाळी अंगण झाडून पाला पेटवण्याची सवय आहे. दमा असलेल्या शेजाऱ्याच्या छातीत जाणारा तो धूर कुंडीवरचं आच्छादन होऊ शकला असता. आणि कुंडीखालची बशी काढून टाका. आजच. तिच्यात साचलेल्या पाण्यात डेंग्यूचा डास आठ-दहा दिवसांत अंड्यातून बाहेर पडून उडायला लागतो. फुलांसाठी ठेवलेल्या बशीतून गल्लीत ताप पसरला, तर पुढच्या वेळी फुलांचं नाव कुणी काढू देणार नाही.

कमी कष्टाची फुलं म्हणजे बेवारस फुलं, असा अर्थ कुणी घेऊ नये. पहिलं वर्ष बघावंच लागतं. रोप रुजेपर्यंत पाऊस दडी मारून बसला तर तांदूळ-डाळ धुतलेलं पाणी घालावं लागतं. जुलैत तण उपटावं लागतं, नाहीतर गवत फुलांच्या डोक्यावर जातं. सप्टेंबरात सदाफुलीचे शेंडे खुडावे लागतात, म्हणजे ती पसरते. हे काम आठवड्याला अर्ध्या तासाचं, पण ते त्याच माणसाने, त्याच जागी, सलग करायचं असतं. कुठलंही कंत्राट हे करू शकत नाही. कंत्राटदाराचा माणूस दर महिन्याला बदलतो, आणि वाळलेली गुलबक्षी जिवंत आहे हे त्याला सांगायला तिथे कुणी नसतं.

ही जबाबदारी कोण घेणार, असं विचारणाऱ्यांना मी आळीच्या तोंडावरचा क्रूस दाखवते. वसईच्या आमच्या ख्रिस्ती गावांमध्ये असे क्रूस जागोजागी आहेत. त्यांची देखभाल कुठल्याही निविदेत नसते. शेजारची घरं तो धुतात, रंगवतात, मे महिन्यात तिथे प्रार्थनेला जमतात, फुलं वाहतात. आजी गेली की सून करते. नंदाखालचं पवित्र आत्म्याचं चर्च १५७३ चं. एवढ्या जुन्या गावाला सामायिक जागा जपण्याची सवय नव्याने लावावी लागत नाही. मग क्रूसाभोवतीची चार फूट जमीन सिमेंटने का लिंपायची? आणि वर्षभर उन्हात फिकुटलेली प्लास्टिकची फुलं तिथे का लटकवायची? जिथे अबोली आणि सदाफुली बारा महिने फुलू शकतात, तिथे प्लास्टिक वाहणं मला देवाच्या दारातला आळस वाटतो. क्रूसासमोरची टाइल काढा आणि माती भरा.

दफनभूमीचंही तेच. २ नोव्हेंबरला, मृतांच्या स्मरणदिनी, आपण गोणीभर झेंडू विकत आणतो. तो पुण्या-नाशकाकडून येतो, त्या आठवड्यात महाग असतो, आणि तिसऱ्या दिवशी ढिगाने कुजतो. दसऱ्याच्या तोरणातली सुकलेली फुलं जपून ठेवली आणि पुढच्या ऑगस्टमध्ये दफनभूमीच्या कुंपणालगत चुरून पेरली, तर ऑक्टोबर संपताना झेंडू तिथेच उभा असेल. शेजारच्या हिंदू आळीतली दसऱ्याची फुलं आणि आमची स्मरणदिनाची फुलं एकाच बियांतून यावीत, यात अवघड काहीच नाही. तोरण उतरवताना एक पिशवी बाजूला ठेवायची, एवढंच.

काहींना वाटतं, हे गावंढळ आहे, शहरात चालत नाही. न्यूयॉर्कला चाललं. १९७३ साली लिझ क्रिस्टी नावाच्या बाईने शेजाऱ्यांना घेऊन बावरी आणि हाउस्टन रस्त्यांच्या कोपऱ्यावरचा कचऱ्याने भरलेला ओसाड प्लॉट साफ केला, माती टाकली, झाडं लावली. पुढच्या वर्षी शहराने तो त्यांना महिना एक डॉलर भाड्याने दिला. ती बाग आजही आहे. तिथल्या पालिकेने कुंड्या वाटल्या नव्हत्या. तिने फक्त जागा दिली आणि आडवी आली नाही.

याच्या उलट २०२३ साली गुरुग्रामला जी-२०च्या बैठकीसाठी ठेवलेल्या शोभेच्या कुंड्या आलिशान गाडीच्या डिकीत भरून नेतानाचा व्हिडिओ देशभर फिरला. लोक त्या माणसावर तुटून पडले, आणि त्याने केलं ते वाईटच. पण पाहुणे जाईपर्यंतच ठेवलेली, कुणाचीच नसलेली कुंडी चोरणं सोपं असतं. जिच्या शेजारच्या दारात बाई भाजी निवडत बसली आहे, ती कुंडी उचलायला हात धजत नाही.

सकाळी पिशवी घेऊन दुसऱ्यांच्या कुंपणावरची फुलं ओरबाडणाऱ्यांना मात्र मला सरळ सांगायचं आहे. पूजेला पाच फुलं पुरतात. झाड ओकंबोकं करून आणलेली परडी देवाला पोचत नाही, ती फक्त शेजाऱ्याला दुखावते. छत्रीच्या दांड्याने फांदी वाकवून मोडणं ही तर शुद्ध दांडगाई आहे. मुलांनी येता-जाता एक फूल तोडलं, तर तोडू द्या. गुलबक्षीला उद्या पुन्हा फुलं येतात.

आता मे संपत आलाय. पाऊस तोंडावर आहे, तेव्हा बोलण्यात वेळ घालवायचा नाही. सदाफुलीच्या पिकलेल्या शेंगा आत्ता झाडावर आहेत, त्या कागदात काढून ठेवा. गुलबक्षीचं बी कुणाच्या ना कुणाच्या अंगणात पडलेलं असतं, मागा, लोक आनंदाने देतात. कोरांटीच्या फांद्या पहिल्या आठवड्याच्या पावसात खोचल्या की लागतात. दर वीस पावलांच्या पट्टीला दोन घरं ठरवा, एक नको, कारण एक घर गावाला जातं. आणि प्रभाग कार्यालयात आळीच्या सह्यांचा एक अर्ज द्या. त्यात कुंड्या मागू नका, रोपं मागू नका. कुंपणालगतची पेव्हरची एक ओळ उचलून द्या, एक गाडी माती टाकून द्या, आणि झाडणाऱ्या कामगारांना उन्हाळ्यात काठी रोवलेली जागा खणू नका असं सांगा, एवढं मागा. अर्जाची पोच घ्यायला विसरू नका.